पासवरचं गाव

"मॅडम, ही सही तुमचीच ना?"

एसटीच्या चेकर साहेबांनी एक पास माझ्या टेबलावर ठेवला. शेजारी नववीतली अंजू मान खाली घालून उभी होती. परतीची बस वीस मिनिटांनी होती, आणि तेवढ्यात त्यांना रिपोर्ट पूर्ण करायचा होता.

"माझीच," मी म्हणाले.

"पासवर गाव खडकी. ही पोरगी चढली भलत्याच फाट्यावर. गाव कोणतं इचारलं, तं म्हणे, गाव नाही आमाले. मग खडकीचा दाखला कसा देल्ला तुमी?"

ईशान, मीरा, तुम्हा नातवंडांना आधी हा पास समजावून सांगते. आठवीच्या पुढच्या मुलींना गावापासून शाळेपर्यंत एसटीचा मोफत पास मिळायचा. मुलगी कुठे राहते, ते मुख्याध्यापिकेनं, म्हणजे मी, लिहून द्यायचं. अंजूचे आईवडील घिसाडी, म्हणजे रस्त्याकडेला पाल टाकून विळे-खुरपी घडवणारे फिरते लोहार. पूर्वी त्यांना एका गावात महिनाभर काम पुरायचं. मग बीटी कापूस आला, पाठोपाठ तणनाशकाची फवारणी आली, निंदणाला बाया कमी लागू लागल्या. खुरप्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. पाल आठ-दहा दिवसांत हलू लागलं. मात्र हलायचं ते आमच्या शाळेकडून मोताळ्याकडे जाणाऱ्या एकाच रस्त्यावर, मागे-पुढे.

दर वेळी नवा पास कुठून काढणार? मी युक्ती केली. खडकी हे त्या रस्त्यावरचं शेवटचं गाव. तिथला पास असला की मधल्या कुठल्याही थांब्यावर चढता येतं. मी 'राहणार खडकी' असं लिहिलं आणि सही केली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी लिहिलेली ती पहिली खोटी ओळ.

तिकिटाचे पैसे मी आधी देऊ केले होते. अंजूची आई, गोदाबाई, हातातला घण खाली ठेवून म्हणाली, "आमी मांगून खाणारे नाही, मॅडम. लोहार आहो. पास सगळ्याच पोरींले भेटते, तो चालते. तो बंद झाला तं अंजू घण उचलन, अन् पुढच्या साली इचं लगन." गोदाबाई बोलल्यासारखं वागणारी बाई होती.

म्हणजे टेबलावरच्या त्या कागदात अंजूची शाळा अडकली होती. दिवस गुरुवार. सोमवारपासून वार्षिक परीक्षा.

आमचे हेडक्लार्क कुळकर्णी माझ्या कानाशी वाकले. "मॅडम, मुलीनं चुकीची माहिती दिली असं लिहा. तुमच्या रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली. पेन्शनचं लचांड नको."

अंजूनं ते ऐकलं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

खरं सांगते, मी पेन उचललं आणि थांबले. अर्धं मिनिट तरी. मग लिहिलं, 'विद्यार्थिनीने काहीही खोटे सांगितलेले नाही. रहिवासाची नोंद चुकीची आहे हे माहीत असताना मी स्वतः केली.'

चेकर साहेबांनी ते दोनदा वाचलं. "हे वर गेलं तं तुमाले मेमो येईन, मॅडम."

"येऊ द्या. पासचं काय?"

"तो जप्त. माह्या हातात नाही ते." त्यांनी घड्याळ पाहिलं आणि दुसरा फॉर्म काढला. "आता इचा जबाब. बोल वं पोरी, कुठं राह्यता?"

"पालात."

"पाल कुठं हाय?"

"आज फाट्यावर. परवा हलन."

"अन् पावसाळ्यात बी असेच फिरता? भट्टी तं भिजत असन."

"पावसाळ्यात नाही जी. चार महिने सलीमचाचाच्या भंगारदुकानामागं. खडकीच्या अलीकडच्या थांब्यावर. दरसालीच."

साहेबांचं पेन थांबलं. "मॅडम, हे तुमाले माहीत नव्हतं?"

"नाही."

"इचारलं बी नाही?"

"नाही."

"घ्या! आहे ना मंग गाव इले," ते कुळकर्णींकडे वळले. "ग्रामपंचायतीचा दाखला आणा, नवा पास भेटते."

"पण ते घर आमचं नाही ना जी," अंजू म्हणाली.

"माहंबी भाड्याचंच हाय," असं म्हणून ते बस पकडायला धावले.

अंजूचे वडील विळ्यांसाठी गाड्यांच्या स्प्रिंगचे जुने कमानपट्टे सलीमभाईंकडूनच घेत. मी सलीमभाईंना फोन लावला. "चार महिने माह्या बोअरचं पाणी पितेत ते, मॅडम. कागद काय, मी सोता जातो ग्रामपंचायतीत." शनिवारी दुपारी ते मोटरसायकलवर दाखला घेऊन शाळेत हजर. डेपोतून पास मात्र मंगळवारी निघणार होता.

सोमवारी पेपर सुरू झाला आणि अंजूचा बाक रिकामा. मी फाटकात जाऊन उभी राहिले. वीस मिनिटांनी रस्त्यावर दोघी दिसल्या. पाल आणखी पुढे सरकलं होतं. गोदाबाई सात किलोमीटर चालत लेकीला घेऊन आली होती. तिनं लांबूनच मला हात केला आणि तशीच परत फिरली. भट्टी पेटवायची होती. अंजूला मी शेवटी वीस मिनिटं वाढवून दिली. तेवढा अधिकार माझा होता.

अंजू नववी झाली, पुढे दहावीही. मला जूनमध्ये मेमो आला, सर्व्हिस बुकात ठपका बसला. तो बरोबरच होता. पालातल्या माणसाला पत्ता नसतोच, असं मी धरून चालले होते, आणि स्वतःला दयाळू समजत होते. त्यानंतर सही करण्याआधी मी समोरच्याला एक प्रश्न जास्त विचारायला लागले. कुळकर्णींची तक्रार असे की त्यामुळे फॉर्म भरायला वेळ लागतो. लागतोच.