चहा न घेणारे सुभेदार

मी मुळातच संशयी बाई आहे. बाजारात मेथीची जुडी घेतली तरी दोरा सोडून आतली पानं बघते. पण आमच्या गावात त्यावरून मला कुणी हसत नाही, कारण गाव माझ्याहून संशयी आहे. रस्त्याला कुणी खडी टाकली तरी लोक आधी विचारतात, ह्याचा डाव काय असेल. अशा गावात चांगदेव हांडे नावाचा माणूस आला, पोरांना शिकवायला लागला आणि कुणाच्याही घरी चहा घेईना. मग काय विचारता.

गाव आमचं ओतूर आणि येडगावच्या मधलं, धरणाच्या फुगवट्याला लागून. हांडे फौजेत सुभेदार होते, पण बंदुकीपेक्षा खडूच त्यांच्या हातात जास्त. फौजेच्या शिक्षण विभागात ते जवानांना लिहायला-वाचायला शिकवत. पेन्शन लागल्यावर त्यांच्या बरोबरीचे लोक पुण्यात बँकांच्या दारात सिक्युरिटीला उभे राहिले आणि हे आमच्या हायस्कुलात गणित शिकवायला आले. बायको वारलेली, मुलगा नाशिकला. एसटी थांब्यामागच्या एका खोलीत राहायचे. शाळेत ते हांडे सर, पण गाव त्यांना सुभेदारच म्हणायचं.

त्यांची एक पद्धत होती. पोरगं शाळेत आलं नाही की त्याच संध्याकाळी ते घरी हजर. उसातून वाट, बिबट्याची भीती, म्हणून हातात काठी आणि बॅटरी. पण आत यायचे नाहीत. अंगणाच्या कडेला, जिथून शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा जागी उभे राहायचे आणि परेडला हाक मारावी तसे विचारायचे, "समर्थ आज का नाही आला?" मग समर्थच्या बापाला सगळ्या आळीच्या देखत उत्तर द्यावं लागायचं. कांदे काढायला ठेवला होता हे खरं कारण असं मोठ्यानं सांगायला बापाची जीभ रेटायची नाही. दुसऱ्या दिवशी समर्थ शाळेत.

एवढं झाल्यावर घरातली बाई रीतीनं चहाचं विचारायची. सुभेदार म्हणायचे, "आत्ताच झाला." आत्ताच झाला असं तर सगळेच म्हणतात, पण बायकांनी पाणवठ्यावर एकमेकींना विचारलं तेव्हा कळलं की ह्या माणसाचा चहा कुठल्याच घरी झालेला नाही. पाणीसुद्धा खांद्याच्या फौजी बाटलीतलं.

मग गावानं डोकं लावलं. कुणी म्हणालं, जात बघतो. पण ते पाटलाच्या घरीही घेत नव्हते आणि डोंगराकडून उतरून आलेल्या महादेव कोळ्यांच्या वस्तीवरही नाही, तेव्हा ते फसलं. कुणी म्हणालं, करणीला भितो. कुणी साखरेचा आजार काढला, तर पंधरा ऑगस्टला त्यांना पोरांबरोबर जिलेबी खाताना सगळ्यांनी पाहिलं. थांब्यावरच्या टपरीवर तर ते रोज दोन कप चहा प्यायचे. म्हणजे चहा चालतो, आमचाच चालत नाही. माझे सासरे गेणभाऊ, त्यांना आम्ही सुना मामा म्हणतो, त्यांचा निष्कर्ष पक्का होता. हा माणूस पुढच्या वेळी पॅनल टाकणार, आणि सरपंच व्हायचं म्हणून आत्तापासून कुणाच्या मिंधेपणात राहत नाही. निवडणुका आल्या आणि गेल्या. सुभेदारांनी साधा फॉर्म भरला नाही. मामा म्हणाले, "लई खोल पाण्यातला माणूस हाय."

मलाही ते आवडत नव्हते, खोटं कशाला बोलू. माझ्या हातच्या चहाला कुणी नाही म्हणत नाही.

माझी मुलगी हर्षाली त्यांच्या हाताखाली दहावीला आली. गणितात तिला एवढे मार्क पडले की मी मार्कशीट उलटसुलट करून बघितली, नाव दुसऱ्याचं तर नाही ना. पुढे ओतूरला जाऊन अकरावी सायन्स करायचं तिच्या मनात होतं. माझ्याही मनात होतं. मी सातवीत शाळा सोडली ती आईनं कडेवर धाकटा भाऊ दिला म्हणून, आणि त्याचा राग माझ्या पोटात अजून आहे. पण मामांच्या मनात वेगळं होतं. महाळुंगे पडवळच्या बाजूचं एक स्थळ चालून आलं. मुलगा चाकणला कंपनीत, पर्मनंट, घरी बागायत. आत्ता सुपारी फोडून ठेवायची, लग्न अठरा पूर्ण झाल्यावर, तोवर पोरगी घरात बसून स्वयंपाकपाणी शिकेल. हर्षालीचे वडील दादाभाऊ टोमॅटोची पिकअप चालवतात. रस्त्यावर कुणाला साइड न देणारा हा माणूस बापासमोर मात्र गाडी बंद करून बसतो.

माझा भाऊ चाकणलाच असतो. त्याला मी गुपचूप चौकशी करायला लावली. पर्मनंट कुठला, ठेकेदाराकडे होता. हे मी मामांना सांगितलं तर म्हणाले, बायकांना सगळीकडं काळंबेरं दिसतं. जो माणूस जिलेबी खाणाऱ्यावरही पाळत ठेवतो, तो मला असं म्हणाला.

हर्षालीचा प्रवेश होत नाही हे सुभेदारांना कळायला वेळ लागला नाही. संध्याकाळी अंगणाच्या कडेला उभे राहून त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, हर्षालीचा अर्ज कधी भरणार? मामांनी वेळ मारून नेली. दोन दिवसांनी परत आले. परत तेच, तितक्याच मोठ्यानं. आमची आळी कान देऊन ऐकत होती आणि असली गोष्ट महाळुंग्याला पोचायला कितीसा वेळ. मामा आतून उकळत होते, पण डोकं त्यांचं शाबूत होतं. त्यांनी सुभेदारांनाच बैठकीचं आवतण दिलं.

ह्यातली गोम बाहेरच्याला कळायची नाही. आमच्याकडे सुपारी फुटायच्या आधी बैठकीत सगळ्यांना चहा फिरतो. त्या बैठकीत ज्यानं चहा घेतला तो त्या सोयरिकीचा साक्षीदार. त्यानं मागून एक शब्द वावगा बोलायचा नाही. आणि ज्यानं कप नाकारला त्यानं दोन्ही घरांचा अपमान केला, त्याला उठून जावं लागतं. म्हणजे सुभेदारांनी चहा घेतला तरी तोंड बंद, नाही घेतला तरी बंद. मामा आदल्या दिवसापासून खुशीत होते. माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. चहा मीच करणार होते.

रविवारी सकाळी पाहुणे आले. ओसरीवर सतरंज्या टाकल्या होत्या. मुलाचे वडील सावळेराम, मुलाचे दोन चुलते, गावातली चार जाणती माणसं. सुभेदार आले आणि नेहमीसारखे अंगणाच्या कडेला थांबले. मामा उठून पुढे गेले, हाताला धरून त्यांना वर घेऊन आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस कुणाच्या ओसरीवर मांडी घालून बसलेला आम्ही बघत होतो. मी स्वयंपाकघराच्या दाराआड, हर्षाली माझ्यामागे ट्रेमध्ये कप लावत होती. 

सुभेदारांनी बोलायला तोंड उघडलं तसा मामांनी हात वर केला.

"आदी चहा, मंग बोलणं. आमच्या घरचा चहा ज्याला चालत न्हाई, त्याचं आमी का ऐकून घ्यावं?"

सगळे सुभेदारांकडे बघायला लागले. मग त्यांनी कारण सांगितलं. त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी सरळ विचारलंही नव्हतं, सगळे आपापसातच तर्क लढवत बसले होते.

फौजेतून आल्यावर, आमच्या गावाआधी दोन-तीन वर्षं ते येडगावात शिकवत होते. तिथे घराघरांत जायचे, जेवायचे, चहा तर विचारूच नका. भागू नावाची एक हुशार मुलगी होती. तिच्या घरचा पाहुणचार सगळ्यात मोठा. दिवाळीचा फराळ, आंब्याच्या दिवसात रस. एक दिवस भागूची शाळा बंद झाली. सुभेदार तिच्या बापाला समजवायला गेले. बापानं पाट मांडला, ताट वाढलं, आणि जेवून हात धुतल्यावर सुभेदारांच्या तोंडून शब्दच फुटेना.

"ज्याचं अन्न पोटात होतं त्याला तोंडावर चूक म्हणायची माझी हिंमत झाली नाही," ते म्हणाले. "वर्षभरानं ती मुलगी डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन माझ्यासमोरून गेली. तिनं मान खाली घातली, मीही घातली. तेव्हापासून ज्या घरात माझा विद्यार्थी आहे त्या घरात मी काही घेत नाही. मला भांडता आलं पाहिजे."

 दाराआडून मी विचार करत होते, असली गोष्ट कुणीही रचून सांगेल. खरी कशावरून? पण मग माझ्या लक्षात आलं की रचायचीच असती तर त्यानं स्वतःचा मोठेपणा होईल अशी रचली असती. मान खाली घातल्याची गोष्ट कोण रचतो?

मामा मात्र हलले नाहीत. सगळं ऐकून ते म्हणाले, "ते येडगावचं झालं. हितं पावणं बसल्यात. मंगल, चहा आण."

सुभेदारांनी माझ्या दाराकडे पाहिलं. चेहऱ्यावरून दिसत होतं की आता ते चहा घेणार. पाहुण्यांच्या देखत मुलीच्या घरची शोभा व्हायला नको म्हणून घेतील आणि गप्प घरी जातील. माझ्यापुढं पातेल्यात चहा वर येत होता. मी गाळणी हातात घेतली. पण हर्षालीच्या हातातला ट्रे बघितला आणि मला आईनं कडेवर दिलेला भाऊ आठवला. मी गॅस बंद केला. तशीच रिकाम्या हातानं ओसरीवर गेले.

"मामा, चहा व्हायचा न्हाई."

मामांना वाटलं काही बिघडलं. आवाज खाली आणून म्हणाले, "दूध फाटलं का?"

किती सोपं होतं हो म्हणणं. कुणाला काही कळलं नसतं. पण मग दहा मिनिटांत शेजारून दूध आलं असतं.

"दूध चांगलं हाय," मी म्हणाले. "कुणालाच चहा न्हाई. सर काय बोलत्यात ते आदी ऐकू."

आमच्या घरातून पाहुणा चहाविना कधी गेला नव्हता. सावळेरामांनी टोपी सारखी केली, चुलत्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सुभेदार फार बोलले नाहीत. ही मुलगी गणितात आपल्यापेक्षा पुढे जाईल, तिला घरात बसवू नका, एवढंच म्हणाले. मग हर्षालीच्या वडिलांनी, माझ्या नवऱ्यानं, त्या दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं. पाहुण्यांना म्हणाला, तुम्ही दुसरीकडे बघा. माझा कानावर विश्वास बसेना. पाहुणे गेले.

मामा खांबासारखे बसून होते. शेवटी त्यांनी सुभेदारांना विचारलं, जे सगळ्या गावाला इतकी वर्षं विचारायचं होतं.

"ह्यात तुमचा फायदा काय?"

"मला शिकवण्याशिवाय दुसरं काही येत नाही, गेणभाऊ."

"आन उद्या पोरीचं काय वंगाळ झालं तर?"

"मला विचारा."

मामांनी हे शब्द धरून ठेवले. हर्षाली ओतूरला जायला लागली. मामा माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत, पण सुभेदारांवर त्यांनी पाळतच ठेवली. सकाळच्या एसटीत हर्षालीबरोबर ओतूरपर्यंत सुभेदारही जातात हे त्यांना कंडक्टरकडून कळलं. शाळेतून तेव्हा ते निवृत्त झालेले, ओतूरला त्यांचं काय काम? झालं. मामा बाजारच्या निमित्तानं त्याच गाडीला मागच्या सीटवर बसायला लागले. सुभेदार ड्रायव्हरमागे बसायचे, मान वळवायचे नाहीत, पोरी कॉलेजच्या फाटकातून आत गेल्या की समोरच्या गाडीनं परत. वाटेतल्या गावच्या आणखी पोरी त्या गाडीला यायला लागल्या, कारण गाडीत सुभेदार असतात हे आयांना कळलं होतं. मामांनी स्टँडवर चौकशी केली, टपरीवाल्याला खोदून विचारलं, प्राध्यापकांना गाठलं. दोन वर्षं हेच. घरी येऊन काही सांगायचे नाहीत, नुसते चिडल्यासारखे दिसायचे.

हर्षाली बारावी झाली, पुढे बी.एस्सी. झाली, आता नारायणगावला माती तपासायच्या लॅबमध्ये आहे. मामांनी आपल्या रानाची माती तिच्याकडे दिली आणि तीच माती शेजाऱ्याच्या नावानं दुसरीकडेही तपासून आणली. दोन्हीकडे एकच निघालं, तेव्हा कुठे खत बदललं.

सुभेदार गेल्या श्रावणात गेले, झोपेत. मुलानं दशक्रिया इथेच केली, कुकडीच्या घाटावर. आमच्याकडे दशक्रियेला भाषणं होतात. पुढारी आले होते. एकानं सांगितलं, सुभेदार माझे मार्गदर्शक होते. दुसरा म्हणाला, त्यांच्या नावानं वाचनालय काढू. मी बायकांत बसून ऐकत होते आणि मला एकाचंही खरं वाटत नव्हतं. घाटावर एका बाजूला कितीतरी पोरी उभ्या होत्या, कुणी नर्सच्या नोकरीवरून आलेली, कुणी कडेवर लेकरू घेऊन. त्यांना कुणी बोलायला बोलावलं नाही.

माईक आवरायच्या वेळी मामा उठले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि ते चारचौघांत कधी बोलत नाहीत. मला वाटलं, आता हा म्हातारा काय बोलतोय. त्यांनी टोपी काढली, माईककडे संशयानं बघितलं आणि तो बाजूला सारला.

"मी ह्या माणसावर लई वर्षं डोळा ठिवला," ते म्हणाले. "कायबी सापडलं न्हाई."

आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, ते रडायला लागले.