काकींच्या सहा खोल्या

भाडेकरू खोली सोडून गेला की काकी आधी स्वतः त्या खोलीत राहायच्या. चुना मारून झाला की चटई आणि पाण्याचा तांब्या घेऊन आत शिरायच्या, त्या दिवस मावळल्यावरच बाहेर. भर मे महिन्यातसुद्धा. पत्रा किती तापतो, मोरीचं पाणी कुठे तुंबतं, सगळं अंगावर घेऊन यायच्या आणि मग गवंड्याला बोलावणं जायचं. "जिथं माझाच जीव घुसमटतो, तिथं दुसऱ्याचं बिऱ्हाड कसं ठेवू?" म्हणायच्या.

त्यांचे यजमान खोपोलीच्या कारखान्यात होते. ते गेल्यावर हाती आलेला पैसा बँकेत टाका, असं दिरांनी सांगितलं. काकींनी भिसेगावातल्या घरामागे, भाताच्या खाचरात भराव टाकून ओळीने सहा खोल्या बांधल्या. दीर हसले. काकी म्हणाल्या, "बँकेतला पैसा मुका. खोलीत पोर रडतं, फोडणी बसते. मला सोबत होते."

मी बायको-मुलीला घेऊन खोली शोधत होतो तेव्हा दहिवलीत तीन दारांवर आडनाव सांगताच 'कालच दिली' असं ऐकलं होतं. आम्ही बौद्ध. काकींच्या दारात मी आपणहूनच आडनाव सांगून टाकलं, म्हणजे नकार लवकर मिळेल. त्या वैतागल्या. "माणसं किती ते सांग. आडनावाचं माझ्या पाण्याच्या पंपाला काय करायचं हाय?"

आम्ही तिथे अकरा वर्षं राहिलो. काकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. वीजबिल, घरपट्टी, तलाठ्याचं पत्र, काहीही आलं की त्या माझ्याकडे यायच्या. पोटच्या मुलापेक्षा माझ्यावर भरवसा जास्त. "तू वाचलंस म्हंजी मी वाचलं रं."

मुलगा बदलापूरला असायचा. तीन वर्षांपूर्वी तो एक कागद घेऊन आला. आधी माझ्या खोलीत आला, दार लोटलं. "दादा, इथे बिल्डिंग होतेय. तुमचा फ्लॅट अर्ध्या किमतीत पक्का. आईला फक्त मोघम सांगा." कागद कुलमुखत्यारपत्राचा होता. जागा विकण्याचा पूर्ण अधिकार मुलाला.

संध्याकाळी काकी ओट्यावर येऊन बसल्या. मी कागद हातात धरला. माझी मुलगी दहावीला होती, बायको वर्षानुवर्षं स्वतःच्या घराचं म्हणत होती. ही कारणं मी तेव्हाही मोजली होती, आजही मोजतो. मी म्हणालो, "काकी, खोल्यांच्या दुरुस्तीची परवानगी आहे. धावपळ तुमच्याऐवजी मुलगा करेल."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन अंगठा दिला.

चार महिन्यांनी खोल्या रिकाम्या करायला माणसं आली, तेव्हा काकींना कळलं. त्या सरळ माझ्याकडे आल्या. मला वाटलं, शिव्या देतील. त्यांनी एवढंच विचारलं, "वाचताना चष्मा नव्हता का रं तुझ्याकडं?"

मी म्हणालो, "नव्हता."

चष्मा तेव्हाही नाकावर होता आणि कागद वाचला त्या दिवशीही.

काकी खालापूरला भाचीकडे गेल्या. मला फ्लॅट मिळाला, दुसऱ्या मजल्यावर. दारावर आडनाव लावलंय. गृहप्रवेशाच्या पेढ्यांचा पुडा घेऊन मी त्यांना भेटायला गेलो. काकी अंगणात पेपर पसरून बसल्या होत्या. भाचीने सांगितलं, आल्यापासून अक्षरं शिकतायत, सत्तरीत. जोडाक्षरं अडतात फक्त.

"ये. बस," काकी म्हणाल्या आणि भाचीला चहा टाकायला सांगितला. पुडा तसाच बाजूला ठेवला. मग पुन्हा बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागल्या. एका शब्दावर बोट थांबलं. ओठ हलले, पण जमेना. मी सवयीने पुढे वाकलो.

काकींनी त्या शब्दावर तळहात ठेवला.

"राहू दे. मी लावते."

मी मागे सरकलो. चहा प्यालो, गार होईपर्यंत पुरवून. काकींनी हात उचलला नाही. मी उठून फाटकाबाहेर पडेपर्यंत तो शब्द झाकलेलाच होता.