पापणीवरचं अंडं

माझ्या मावशीच्या घरामागच्या खोलीत शिरताना वाकावं लागतं. दार मुद्दाम बुटकं ठेवलंय. उंच दारातून ऊब पळून जाते, असं मावशी म्हणते. आत खिडकी एकच, तीही बंद. तिच्या फळीला एक भोक आहे, त्यातून उन्हाची सरळ काठी आत येते. भिंतीलगत बांबूच्या उंच कणग्या भाताच्या तुसात कमरेपर्यंत पुरलेल्या, आणि कणग्यांत बदकांची अंडी. बदकं मात्र इथे येत नाहीत. ती बाहेर तळ्यावर भटकत असतात. अंडी घालून मोकळी होतात आणि उबवायचं मावशीवर सोडून देतात.

आजूबाजूच्या वस्त्यांतल्या बायका तिच्याकडे अंडी आणून देतात आणि महिन्याभराने पिल्लं घेऊन जातात. त्यांचे सगळे कळप याच खोलीतून निघालेले. सुरुवातीला मावशी कढईत तूस गरम करून कापडी पिशव्यांत भरते. अंड्यांचा एक थर, पिशव्यांचा एक थर. दिवस भरत आले की अंड्यातला जीव स्वतःच ऊब देऊ लागतो. मग पिशव्या काढायच्या आणि त्या थोरल्या अंड्यांच्या थरांमध्ये नवी अंडी लावायची. थोरली धाकट्यांना उबवतात. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कणगीला हात लावून कितीतरी वेळ उभी होते. जन्माला न आलेली भावंडं जन्माला न आलेल्या भावंडांना सांभाळत होती.

ऊब किती आहे हे मावशी पापणीने ओळखते. एक अंडं उचलायचं, डोळा मिटायचा आणि पापणीवर टेकवायचं.

"हात खोटं बोलतो," ती म्हणते. "हाताने भांडी घासलीत, चूल पेटवलीय. तो निबर झालेला. पापणीने जन्मात काही काम केलेलं नाही, म्हणून ती खरं सांगते."

तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या मावसभावाने, एकदा थर्मामीटर आणला होता. तो काकांच्या हातून तुसात पडला आणि अजून सापडलेला नाही. "उबवतोय तोपण," काका सांगतात. "निघेल एखादं पिल्लू."

मावसभाऊ कामाला परगावी असतो. घरात काका, मावशी आणि वहिनी. वहिनीच्या वडिलांचं इस्त्रीचं दुकान. कोळशाची इस्त्री गालाजवळ धरून ती किती तापलीय हे ओळखायला वहिनी लहानपणीच शिकली होती. पण मावशी तिला कणगीला हात लावू देत नसे. तूस आण, पिशव्या शिव, एवढंच. वहिनीने एकदा अंडं उचललं तर मावशी म्हणाली, "कपड्याला चटका बसला तर ठिगळ लावता येतं, सूनबाई. अंड्याला ठिगळ नसतं."

वहिनीने अंडं खाली ठेवलं. पण मावशी बाहेर गेली की ती चाचपून बघायची, हे मला माहीत होतं. काकांनाही होतं.

मी तिथे राहायला गेले तेव्हा कडेच्या कणगीत हसरीची अंडी होती. तिला सगळे हसरी म्हणत, कारण ती क्वचितच हसे. तिचा सगळा कळप रोगाने गेला होता. माहेरच्या नातेवाइकांकडून एकेक अंडं मागून, कापडात गुंडाळून, मांडीवर धरून तिने ती आणली होती. "एवढीच आहेत हं," असं म्हणून गेली होती. आता ती भरत आली होती, चार-दोन दिवसांत टोच मारतील अशी.

त्या सकाळी मावशीने हसरीच्या कणगीतलं अंडं पापणीला लावलं आणि तिचा चेहरा बदलला.

"गार पडलीत. पिशव्या तापवा."

काकांनी तूस तापवलं. पिशव्या लागल्या. थोड्या वेळाने मावशीने पुन्हा बघितलं. "अजून गारच. आणखी आणा." पुन्हा लागल्या. तिसऱ्यांदा ती म्हणाली तेव्हा वहिनी रिकामी पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"आई, गार नाहीत ती."

"तू कधी बघितलीस?"

"आत्ता. तुम्ही पाठ केलीत तेव्हा."

काका कढईत ढवळायचे थांबले. मावशी काही बोलणार तेवढ्यात वहिनी पुढे झाली, थोडी वाकली आणि डोळे मिटून आपली पापणी तिने मावशीच्या कपाळावर टेकवली. त्या घरात आजवर कुणी मावशीला असं तपासलं नव्हतं. उन्हाच्या काठीत तूस तरंगत होतं, तेवढंच काय ते हलत होतं.

"अंडी ठीक आहेत," वहिनी हळूच म्हणाली. "तापलायत तुम्ही. अंगात फणफणून ताप आहे."

मावशी तुसाच्या पोत्यावर बसली. मग कणगीकडे बघत म्हणाली, "म्हणजे मी सकाळपासून या अंड्यांना उकडतेय." तापलेल्या पापणीला सगळं जगच गार लागणार, हे इतक्या वर्षांत तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. ती कधी आजारीच पडली नव्हती.

"खिडकी उघडू?" वहिनीने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

हा प्रश्न मावशीने तिला पहिल्यांदाच विचारला असावा. वहिनीने खिडकी सताड उघडली, पिशव्या उपसल्या, हसरीची अंडी चटईवर एकेरी पसरली. मग वाटीत कोमट पाणी घेऊन, इस्त्रीआधी कपड्यावर मारतात तसं, बोटांनी बारीक शिंपडलं. पाणी कवचावर क्षणभर चमकायचं आणि उडून जायचं. ती पुन्हा शिंपडायची. मधेच एखादं पापणीला लावायची.

"कुठे शिकलीस?" मावशीने विचारलं.

"दुकानात."

ताप उतरायला दिवस लागले. मावशी पलीकडच्या खोलीत पडून असे, दार उघडं ठेवून.

"कशी आहेत?"

"रेशमाला चालेल इतपत."

"मला मेलीला रेशीम काय माहीत. नीट सांग."

वहिनी अंडं पुन्हा पापणीला लावायची. "झोपून उठलेल्या बाळाचा गाल असतो ना, तशी."

पलीकडून काही आवाज यायचा नाही. म्हणजे बरोबर होतं.

मग बाकीच्या कणग्यांतली तेवढ्याच दिवसांची अंडी टोचू लागली. कवचावर आधी चांदणीएवढी भेग, मग आतून बारीक टकटक. मावशी चादर लपेटून आली. ती हसरीच्या अंड्यांजवळ बसली; हात लावला नाही, फक्त कान नेला. तिथे शांत होतं. ती उठेना. काकांनी चहा आणला, तो तिच्याशेजारी निवला.

ऊन कलल्यावर एक अंडं जागच्या जागी किंचित डोललं. मावशीने वहिनीचं मनगट धरलं. आतून टक झालं. मग शेजारच्यातून. मग पाण्यात पाऊस पडावा तशी ती टकटक चटईभर पसरत गेली, आणि ओल्या, चिकट, थकलेल्या माना एकेक करून उजेडात आल्या.

सगळी नाही फुटली. न बोलणारं प्रत्येक अंडं मावशीने तळव्यात घेतलं, थोडा वेळ धरलं आणि वेगळं ठेवलं.

हसरी आली तेव्हा मावशीने पिल्लांची पाटी तिच्यापुढे ठेवली. "तुझी काही गेली. माझ्या तापाने गेली. ही आहेत ती हिने वाचवली."

हसरीने पाटीतलं एक पिल्लू उचलून गळ्याशी धरलं. वहिनीकडे बघितलं. "पुढची अंडी हिच्याकडेच देईन," ती म्हणाली, आणि चक्क हसली.

"दे की," मावशी म्हणाली. "खोली तीच आहे."

आता रोज सकाळी त्या बुटक्या दाराशी मावशी थांबते. वहिनी येते, डोळे मिटून तिच्या कपाळाला पापणी लावते. मग मावशी वहिनीच्या कपाळाला लावते. "आम्ही काय दगडाचे का?" असं काका मागून विचारतात, तिकडे दोघी लक्ष देत नाहीत. मग आधी एक वाकते, मग दुसरी, आणि दार आतून ओढून घेतलं जातं.