जोडकापाचे शिंपले

अनुसयाबाईंच्या घराची खूण म्हणजे जोडकाप. मेंढीच्या डाव्या कानाच्या कडेला कातरीनं शेजारी शेजारी दोन काप द्यायचे, मध्ये गव्हाच्या दाण्याएवढी जागा सोडायची. सासऱ्यांच्याही आधीपासून चालत आलेली ही खूण. पुसेगावपासून औंढ्यापर्यंत कुणाच्याही कळपात जोडकापाचं मेंढरू मिसळलं, की समोरचा मेंढपाळ कान चाचपून म्हणणार, "हे मसाजीचं हाय, धाडून द्या." कागद नाही, पावती नाही, तंटा तर नाहीच. इतक्या वर्षांच्या खुणेवर बाईंचा विश्वास असावा यात काही नवल नाही. नवल हे, की त्यांनी ती खूण उचलून शिंपल्यांवर घातली.

शिंपले कुठून आले ते सांगायच्या आधी मेंढरं कुठं गेली ते सांगायला हवं.

मेंढरं होती तेव्हा अनुसयाबाईंच्या हाताला गुण आहे, असं सगळी पंचक्रोशी म्हणायची. मेंढी अडली, कोकरू आडवं आलं, वासरू दूध ओढेना, की बोलावणं ठरलेलं. बाई जाणार, बांगड्या वर सारणार, आणि जनावराशी काहीतरी पुटपुटत काम फत्ते करून येणार. चहासुद्धा घेणार नाहीत, कारण घरी त्यांचं स्वतःचं मेंढरांचं खांड वाट बघत असे.

चार वर्षांपूर्वी साथ आली. आठ दिवसांत तेहतीस मेंढरं गेली. बाईंनी एकेकाला मांडीवर घेऊन औषध पाजलं, अंग पुसलं, तोंडात बोटं घालून फेस काढला. ज्याला हात लावला ते दुसऱ्या दिवशी थंड. डॉक्टर आले, बघून म्हणाले, साथ कडक आहे, यात कुणाच्या हातात काही नसतं. बाईंना त्यातलं एवढंच ऐकू आलं की हातात काही नाही.

गावात त्यांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. फक्त बोलावणी थांबली. शेजारच्या धर्मसिंगची शेळी अडली तेव्हा त्यानं दोन कोसांवरून माणूस आणला आणि तो माणूस बाईंच्या दारावरून गेला. बाई ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही, मान वर केली नाही, पण त्या दिवसापासून दुसऱ्याच्या जनावराला त्यांनी हात लावला नाही. उरलेली मेंढरं विकली. नवरा मसाजी गावातल्या बड्या शेतकऱ्याच्या, व्यंकटरावांच्या म्हशी राखायला लागला. मुलगा प्रभू आखाडा बाळापूरला टायरच्या दुकानात चिकटला. बाई घरी बसल्या आणि घरी बसणं त्यांना अजिबात जमेना.

सून मोहिनी या सगळ्यानंतर घरात आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. तिनं मोत्यांच्या शेतीचं शिक्षण घेतलं, पेटीभर हत्यारं आणली आणि व्यंकटरावांचं शेततळं मागून घेतलं. गड्याच्या सुनेनं तळं मागावं आणि तेही मोती पिकवायला, याची व्यंकटरावांना इतकी मौज वाटली की त्यांनी हो म्हणून टाकलं. शिंपले सिद्धेश्वर धरणाच्या फुगवट्यातून आणले. हाताशी गावातली जनकाबाई होती. तिसरी एक जण येणार होती, पण उघडलेला शिंपला बघून तिला मळमळलं आणि ती जी गेली ती गेलीच.

"आत्याबाई, तुमी या," मोहिनी म्हणाली.

"माझा हात नगं."

"काहून? मेंढीच्या पोटात कोपरापोतर हात घातलेलं माणूस तुमी. शिंपल्याला काय भेता?"

बाई दोन दिवस ओट्यावर ज्वारी निवडत बसल्या. तिसऱ्या दिवशी न सांगताच तळ्यावर येऊन बसल्या. सुनेला काही ठाऊक नसण्याचा असाही फायदा असतो.

काम नाजूक होतं. शिंपल्याचं तोंड पाचर घालून बोटाच्या जाडीइतकं उघडायचं, जास्त नाही. आतला पातळ पडदा कवचापासून हलकेच सुटा करायचा आणि त्याच्याखाली शिंपल्याच्याच भुकटीचा एक छोटा साचा सरकवायचा. औंढ्याला येणाऱ्या भाविकांना आवडेल म्हणून मोहिनीनं पिंडीचा आकार निवडला होता. मग पाचर काढायची. शिंपला मिटतो आणि पुढचे पंधरा महिने त्या साच्यावर चकाकीचे थर चढवत राहतो. पडदा फाटला तर मरतो. लगेच मरतो असंही नाही. तळ्यात जाऊन महिन्यानं, दोन महिन्यांनी निमूट मरतो.

तिघींनी प्रत्येकी नव्वद केले. कुणाचे कोणते ते कळावं म्हणून मोहिनीनं जाळ्यांना आकडे लिहिलेले प्लास्टिकचे तुकडे बांधले. जाळीत दोन-दोन शिंपले, जाळ्या बांबूला, बांबू तळ्यावर आडवे. चोख व्यवस्था होती. तरीही अनुसयाबाई कानस घेऊन बसल्या आणि आपल्या प्रत्येक शिंपल्याच्या कडेला दोन खाचा घासू लागल्या.

"जाळीला आकडा हाय की, आत्याबाई."

"जाळी जाळीच्या जागी. खूण अंगावर पाह्यजे."

मसाजी म्हशी घेऊन चालला होता, तो थांबला. "का गं, शिंपल्याचा डावा कान कोणता?"

"तुमाला ठावं पाह्यजे. जल्म गेला कान धरण्यात."

मसाजी हसत गेला. बाईंना मात्र हसू येत नव्हतं. हे नव्वद जीव जगले तर माझ्या हातचे जगले, मेले तर माझ्या हातचे मेले, आणि यावेळी ते आपल्याला स्वच्छ कळलं पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं. मेले तर पुन्हा हत्यार धरायचं नाही, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. मोत्यांचं काय व्हायचं ते मोहिनीनं बघावं.

सात महिने सुरळीत गेले. मग वैशाखातल्या एका भर दुपारी मसाजीला लिंबाखाली डुलकी लागली आणि व्यंकटरावांच्या दोन म्हशींनी तळ्याचा रस्ता धरला. पाण्यात उतरल्या, जाळ्यांत अडकल्या आणि अडकल्यावर म्हैस जे करते ते त्यांनी मन लावून केलं. बांबू मोडले, दोर तुटले, जाळ्या फाटल्या. व्यंकटराव बांधावरून ओरडत होते, "अरे मसाजी, उठ! माझ्या म्हशी मोती चरून राहिल्या!"

म्हशी बाहेर निघाल्या तेव्हा एकीच्या शिंगाला सतरा नंबरचा तुकडा लटकत होता. शिंपले सगळे तळाच्या गाळात. मोहिनी काठावर बसून रडली. गाळात ते जगतात, ती जागा त्यांचीच, पण पाणी उतरेपर्यंत ते काढता येणार नव्हते आणि आता कुणाचे कोणते ते कळायची सोय उरली नव्हती.

"माझे कळतील," अनुसयाबाई म्हणाल्या.

हे वाक्य त्या पुढचे आठ महिने मनातल्या मनात म्हणत राहिल्या. मसाजी घरात चोरासारखा वावरत होता. त्याला वाटे, बायको आता बोलेल, मग बोलेल. बायको वेळेवर भाकरी वाढत होती, तेवढंच.

पौषात, गव्हाला पाणी देऊन देऊन तळं मांडीइतकं उतरलं तेव्हा त्या तिघी आणि मसाजी असे चौघं गाळात उतरले. पायानं चाचपायचं, हातानं काढायचं. सकाळच्या पाण्यानं पोटऱ्या बधिर होत होत्या. जगलेले शिंपले ताडपत्रीवर एका बाजूला, मेलेल्यांची रिकामी कवचं दुसऱ्या बाजूला. दीडशेच्या वर जिवंत निघाले तेव्हा मोहिनीनं चिखलातच उडी मारली.

अनुसयाबाई काठावर जाऊन बसल्या. त्यांनी एक जिवंत शिंपला धुतला आणि अंगठा कडेवरून गोल फिरवला. कड सलग. बाजूला ठेवला. दुसरा घेतला. सलग. दहा झाले, वीस झाले, चाळीस झाले. एकाही कडेला खाच नव्हती. बाईंचा अंगठा मेंढराच्या कानावर पन्नास वर्षं फिरलेला. तो चुकणं शक्य नव्हतं. साठ झाले. ऐंशी झाले, सगळे झाले. जिवंतांमध्ये जोडकाप नव्हताच.

मग त्या रिकाम्या कवचांकडे वळल्या. तिसऱ्याच कवचाच्या कडेला दोन खाचा, मध्ये गव्हाएवढी जागा. जशाच्या तशा. पुढं आणखी एक. आणखी एक.

जिवंतात एक नाही आणि मेलेल्यांत आहेत. बाईंनी हात मांडीवर ठेवले. जनकाबाईनं बघितलं, तिला समजलं आणि ती म्हणाली, "घासून गेली असंल खूण, माय. पान्यात ऱ्हातंय कुटं काय."

"मेल्याल्याची काहून न्हाई घासली मंग?" अनुसयाबाईंनी विचारलं.

तेहतीस मेंढरं आणि आता हे. उठून घरी जावं असं त्यांना वाटत होतं. एक जिवंत शिंपला अजून मांडीवरच राहिला होता. त्यावरचं शेवाळ त्या उगाच नखानं खरवडू लागल्या. हाताला काहीतरी काम हवं म्हणून. कडेपासून आत खरवडत गेल्या आणि नखाच्या रुंदीएवढं आत अंगठा अडला.

त्यांनी शिंपला उन्हात तिरका धरला. कवचाच्या पाठीवर दोन बारीक खळगे होते. शेजारी शेजारी. मध्ये गव्हाएवढी जागा.

शिंपल्याच्या पाठीवर बारीक रेघा असतात, कडेला समांतर, एकीपुढं एक. या शिंपल्यावरच्या रेघा दोन्ही खळग्यांपाशी येऊन आत वळल्या होत्या. पुढची रेघ थोडी कमी वळली होती, तिच्या पुढची आणखी कमी, आणि मग हळूहळू सगळ्या पुन्हा सरळ होऊन कडेपर्यंत गेल्या होत्या. कड नवी होती. जणू कुणी कधी कानस लावलीच नव्हती.

चूक बाईंच्या मेंढपाळी सवयीची होती. मेंढीचा कान कडेकडून वाढत नाही. काप दिला की जन्मभर तो कडेलाच राहतो. शिंपला कडेकडूनच वाढतो. बाईंनी नेमकी तिथं खाच पाडली होती जिथं त्याला पुढं घर बांधायचं होतं. त्यानं ती बुजवली आणि तो पुढं गेला. जे मेले त्यांना बुजवायला वेळच मिळाला नाही, म्हणून त्यांचा जोडकाप कडेवर राहिला.

आयुष्यात त्यांनी शेकडो जिवांना जन्मताना बघितलं होतं, पण असं काही बघितलं नव्हतं. न डोळा, न हात, न आवाज. गाळात तोंड खुपसून पडलेला हा गोळा, पोटात दगड घालून घेतलेला, कडेला जखम झालेला; आणि त्यानं आत पिंडही मढवली, बाहेर जखमही भरली, वर नखभर वाढलाही.

"मोहिने," त्यांनी हाक मारली. "हिकडं ये. हे बघ. यानं बुजवलं गं. आपलं आपण बुजवलं."

मोहिनीनं बोट फिरवलं. मग जनकाबाईनं. जनकाबाईनं तर शिंपला कपाळाला लावला.

त्यानंतर काम सोपं झालं. तिघी शेवाळ काढत गेल्या आणि अनुसयाबाईंचा अंगठा सांगत गेला: माझा, न्हाई, माझा, माझा. एका शिंपल्यावर खळगे कडेच्या जवळ होते, तो हळू वाढलेला; एकावर पार आत, तो आडदांड. बाई त्यांच्याशी कोकरांशी बोलावं तसं बोलू लागल्या. "लई खाल्लं रं लबाडा." मोहिनीनं दोनदा मोजलं. बाईंचे जिवंत बहात्तर. मेलेले अकरा.

"आत्याबाई," मोहिनी म्हणाली, "माझे आन जनकामावशीचे मिळून शंभराच्या आत हायेत. तुमच्या हातासारखा हात न्हाई. पुढल्या खेपंला सगळे तुमीच करा, आमी जाळ्या बांधतो."

मग तिनं एक उघडला. मसाजी, चिखलानं बरबटलेला, पाण्यातूनच मान उंच करून बघू लागला. आत कवचाला चिकटून इवलीशी पिंड होती, दुधावर ऊन पडावं तशी. व्यंकटराव चालत आले होते, त्यांनी टोपी काढली. अनुसयाबाईंनी पिंड पाहिली, हात जोडले, पण पुन्हा तो शिंपला पालथा करून त्या मागची बाजूच बघत राहिल्या. खळग्यांपासून कडेपर्यंतची ती नखभर पट्टी. त्यांचा हात लागल्यानंतर जगलेले सगळे महिने तिथं रेघ न् रेघ दिसत होते.

"मंग मेंढरं माझ्या हातानं न्हाई मेली," त्या म्हणाल्या.

मोहिनीला काही कळलं नाही. मसाजीला कळलं. तो पाण्यात तसाच उभा राहिला.

"तसं कोण म्हनलं तुला?"

"कोनीच न्हाई. चार वर्सं झाली, कोनीच काही म्हनलं न्हाई."

मसाजीनं चिखलाच्या हातानं तोंड पुसलं, त्यानं तोंड अधिकच भरलं. "म्या म्हनायला पाह्यजे व्हतं," तो म्हणाला. "साथीनं मेली ती, प्रभूची माय. तुझ्या हातात व्हती तवर तरी त्यायला बरं वाटत असंल."

बाई रडल्या. चार वर्षांत पहिल्यांदा, आणि व्यंकटरावांसमोर, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही. मग मनगटानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, "निघा आता भाईर. गारठून जासाल."

"बहात्तर आन अकरा, त्र्याऐंशी झाले," मसाजी म्हणाला. "सात ऱ्हायले ना तुझे?"

आणि तो पुन्हा पाण्यात वाकला.