रडण्यातले चाळीस टक्के

शाळा मी आठवीत सोडली, तीही चिपळूणकडची. ट्रकवाल्या नवऱ्यामागे पांढरकवड्यात आले तेव्हा इथं मला कुणी काम देईना. गाण्यांवर संशोधन करणाऱ्या एका सरांनी दिलं. ते उपकार मी आजही मानते, आणि त्यांची धास्तीही अजून गेलेली नाही.

काम असं: नवरी सासरी निघताना गळ्यात पडून रडत जी गाणी म्हणते, ते बंजारा तांड्यातले ढावलो मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकायचे आणि एकेका ओळीची चाल कुठल्या तांड्याच्या वळणाची ते कॉम्प्युटरवर लावायचं. सर त्याला 'फझी लॉजिक' म्हणायचे. चाल या गटातली की त्या, असं नाही. या गटातली किती, त्या गटातली किती, ते मांडायचं. मला पटायचं. शाळेत नुसतं पास नाहीतर नापास होतं.

एका तांड्यात लग्न ठरलेल्या मुलींना ढावलो शिकवणारी म्हातारी होती. सगळे तिला याडी, म्हणजे आई, म्हणत. तिनं चारचौघींत विचारलं, "माह्या गाण्याचं काय निंगालं वं?"

मी कौतुकानं सांगितलं, साठ टक्के तुमच्या तांड्याचं, चाळीस टक्के नाल्यापलीकडच्या.

एक सोयरीक मोडल्यापासून त्या दोन तांड्यांचं बोलणं बंद होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

"त्यायच्या घरचं पाणी नाई पेत आमी," याडी म्हणाली, "अन् माह्या रडण्यात त्यायचा वाटा? माह्या मायनं शिकवलं मले. पुस ते."

"आकडा पुसते, याडी."

"आकडा नाई. माहा आवाज."

"चाळीस टक्के पुस, साठ ठेव!" एक जण हसली. याडीनं असं पाहिलं, की ती उठूनच गेली.

मी मोबाईलमधून पुसलं.

"गेलं?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. "सरांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे," मी म्हणाले.

ती चप्पल घालून निघालीच. पांढरकवड्याच्या काळीपिवळी जीपमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली.

सर भडकले. "एका बाईच्या हट्टापायी अख्खा गट विस्कटेल. पुसलंस तर उद्यापासून येऊ नकोस. आठवीत शाळा सोडलेलीला कोण ठेवतं, बघतोच मी."

"सर, तुमचे उपकार आहेत," म्हणत म्हणतच मी पुसलं.

बाहेर आल्यावर याडीनं विचारलं, "आता काय करशीन?"

"माहीत नाही."

"मंग माह्याकडं नोको पाहू. म्या नोतं सांगतलं चाळीस टक्के काढाले," म्हणाली, आणि परतीची गाडी शोधायला गेली.