दलदलीतून विधानसभेला

माझे वडील शॅड्रॅक टिसन लोहार होते. वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत ते दुसऱ्याच्या मालकीचे होते. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, गुलामी गेली, आणि तीनच वर्षांत साउथ कॅरोलायनातल्या आमच्या तालुक्यानं त्यांना राज्याच्या विधानसभेवर निवडून दिलं. सही करायला ते तिथेच शिकले.

पुढे शाळांसाठी कर बसवायचं विधेयक आलं. मतदान मंगळवारी होतं. आदल्या शुक्रवारी भर दुपारी तीन घोडेस्वार भट्टीपाशी थांबले. पुढे होता लॅथन, माझ्या आईचा जुना मालक. त्यानं घोड्याला नाल ठोकायला सांगितलं. बाबांनी खूर मांडीवर घेतला, तसा तो हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं म्हणाला, "शॅड, सोमवारच्या गाडीनं जाऊ नकोस. नदीपलीकडचा तुमचा तो आमदार स्टेशनवरच मेला ना? तुला तर पोरंबाळं आहेत."

"होय साहेब," बाबा म्हणाले. मी दाराआड होते. तोंडात धरलेले खिळे त्यांच्या दातांवर कडकडत होते.

घोडेस्वार गेल्यावर आईनं मक्याची भाकरी वाढली. बाबांनी ताट बाजूला सारलं.

"भ्यायलास?" आईनं विचारलं.

"होय, डॉर्कस. पाय उचलत नाहीत."

"मग गाडीचं सोड, दलदलीतून जा. चिखलात कुणाचेच पाय उचलत नाहीत."

तासाभरात बाबा राजधानीकडे निघाले. शनिवारी आई आम्हाला घेऊन चार्ल्स्टनला मावशीकडे पळाली. सोमवारी लॅथनच्या माणसांनी भट्टी जाळली, हे आम्हाला मागाहून कळलं.

बाबा चार दिवस चालले. टापा ऐकू आल्या की गळ्यापर्यंत पाण्यात बसून राहायचे. कमरेपर्यंत चिखलानं माखलेले असे ते सभागृहात शिरले. नाव पुकारलं, पण आवाजच फुटेना. कारकुनानं दुसऱ्यांदा पुकारल्यावर कसंबसं "होय" निघालं. विधेयक नऊ मतांनी मंजूर झालं. म्हणजे ते गेले नसते तरी झालंच असतं.

आमच्या तालुक्यात शाळा उभी राहिली. बाबांनी ती पाहिली नाही, कारण ते तिकडे परत कधी गेलेच नाहीत. आमदारकी संपल्यावर चार्ल्स्टनमध्ये वीस वर्षं त्यांनी नाल ठोकले, तेही भिंतीला पाठ लावून.

मी एकदा विचारलं, भीती कधी गेली?

"गेली कुठे?" ते म्हणाले, आणि आधी दाराकडे बघून मग खूर उचलला.