हलीमाबीची दोरी

जैनबचं कार्ड आलं तेव्हा मी दाराची कडी तिसऱ्यांदा तपासत होते. ही माझी जुनी खोड. एकदा लावलेली कडी लागली आहे यावर माझा विश्वास म्हणून बसत नाही. त्यातून त्या आठवड्यात आमच्या गल्लीत, इथे इंदुरास, भर दुपारी एका मुलीच्या गळ्यातली साखळी कुणीतरी हिसकावून नेली होती, आणि नळावरच्या सगळ्या बायकांनी एकमुखाने ठरवलं होतं की मुलींच्या शाळा आता पुरे झाल्या. मीही मान डोलावली होती. माझी सहा वर्षांची मनू पाच दिवस घरात, पाटी मांडीवर घेऊन, खिडकीच्या गजांतून रस्ता मोजत बसली होती... आणि गजांतूनच पोस्टमनने ते कार्ड तिच्या हातात दिलं.

कोल्हापूरचा शिक्का होता. अक्षर इतकं वळणदार, की आधी मला अक्षराचंच कौतुक वाटलं. ‘आजी मागल्या मंगळवारी गेली. दोन दिवस ताप होता. सकाळी शाळेच्या मुली दारावरून गेल्या तेव्हा डोळे मिटूनच तिने विचारलं, वाजत्यात का गं? मी म्हटलं, वाजताहेत. मग पाणी मागितलं. दुपारी गेली.’ मी रडले, आणि रडता रडता हसले. कारण मरतानासुद्धा ‘वाजत्यात का’ असं विचारणारी बाई साऱ्या कोल्हापुरात एकच होती. त्याला आता तीन आठवडे झाले. माझं शिक्षण चौथीचं. लिहिण्यात चुका असतील, वाचकांनी पदरात घ्याव्यात.

हलीमाबी आमच्या मंगळवार पेठेतली. तिचा नवरा मणेर, म्हणजे बांगड्या विकणारा. तो गेल्यावर मुलींच्या शाळेने तिला मुली बोलावून आणायच्या कामावर ठेवलं. सकाळी दारोदार जायचं, कुणाची वेणी राहिलेली, कुणी चुलीमागे लपलेली, सगळ्यांना गोळा करून शाळेत पोचवायचं आणि दुपारी परत ज्याच्या त्याच्या घरी. उंच, काटकुळी, आवाज मात्र असा, की तिने गल्लीच्या तोंडाशी हाक मारली तर दुसऱ्या टोकाची मांजरं उठून बसत. “ए बांगड्यांनो, चला!” आम्हाला ती बांगड्याच म्हणायची.

मी दुसरीत होते तेव्हा शेजारच्या पेठेतल्या एका मुलीला शाळेच्या वाटेवर कुणीतरी बोळात ओढलं आणि कानातली सोन्याची कुडी ओरबाडून नेली. पोरीचा कान फाटला. जीव वाचला, पण आठ दिवस गावाला दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे गारगोटीच्या वाटेने आलेले परके लोक, कुणी म्हणे माळावरच्या पालातले. चोर एकही सापडला नाही, संशयित मात्र रोज नवा सापडे. गावात शिरणाऱ्या प्रत्येक माणसाला “कुठलं पावणं?” असं हटकून लोक त्याचं गाठोडं उपसायचे. आणि मुली? मुली सगळ्या घरात.

शेवटी एका संध्याकाळी आमच्या घरासमोरच्या मारुतीच्या पारावर पेठेची बैठक बसली. मी आईच्या पदराआडून खिडकीतून बघत होते. सगळ्यांत मोठा आवाज दामूअण्णांचा. त्यांचं किराणा मालाचं दुकान होतं, आणि त्यांची तानी माझ्याच वर्गात.

“महाराज म्हणत्यात पोरी शिकवा. म्हणू देत की! पर महाराज सोता आमच्या बोळात पहारा द्याला येणार हाईत व्हय?”

“महाराज कशाला? मी हाय की,” पाराखालून हलीमाबी म्हणाली. बाईमाणूस बैठकीत बोललं म्हणून चारदोन माना वळल्या. ती थांबली नाही. “आण्णा, मला एक सांगा. चोराला पोरगी पायजे का सोनं?”

“सोनं.”

“मग सोन्याला कोंडा की! पोरीला का कोंडताय?”

पारावर कुणीतरी फस्सकन हसलं. दामूअण्णा चिडले. “भुंड्या गळ्यानं पाठवू व्हय पोरीस्नी? लंकेची पार्वती करून? बघणारं लोक काय म्हणतील, घरात काय अशुभ झालं म्हणून?”

हीच तर खरी अडचण होती. आईनेसुद्धा माझ्या डोक्यावर हात ठेवून सुस्कारा टाकला. हलीमाबी म्हणाली, “उद्या माझ्याकडं आणा सगळ्या. कोपरापतोर हिरव्या बांगड्या भरती. काचंला चोर हात लावत न्हाई, आन वाजल्यावर त्यो जवळबी येत न्हाई.”

मग दामूअण्णांनी शेवटचा घाव घातला. “दुसऱ्यांच्या पोरी गोळा करतीस, तुझी नात कुठं हाय गं? ती का न्हाई शाळंत?”

हलीमाबीने ओढणी डोक्यावर पुढे ओढून घेतली. ही नात, जैनब, तिच्या मेलेल्या मुलाची एकुलती एक खूण होती. तिला ती अंगणाबाहेर सोडत नव्हती... कोल्हापुरातली सगळ्यांत धीट बाई घरच्या पोरीपुरती आमच्याइतकीच भित्री होती. “व्हय,” ती हळूच म्हणाली, “ते चुकलंच माझं.” आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली. दारात पाहतो तर हलीमाबीच्या हातात एक लांबलचक सुती दोरी. तिचा नवरा या दोरीत बांगड्या ओवून बाजाराला न्यायचा. आता तिला हातहात अंतरावर गाठी मारलेल्या होत्या, आणि पहिल्या गाठीला, डोळे मोठे करून, जैनब. आई दारातून बघतच राहिली. “वैनी,” हलीमाबी आईला म्हणाली, “चाळीस वरसं आमच्या घरानं भर बाजारातनं काच न्हेली, एक फुटू दिली न्हाई. ह्याबी बांगड्याच की.” आईने माझ्या कानातली फुलं काढली, पदराच्या टोकाला बांधली, हिरव्या बांगड्या भरायला माझे हात तिच्यापुढे केले आणि मग मला पुढे ढकललं.

मला वाटलं, ही मला आपल्याजवळ, मधे कुठेतरी घेईल. तिने मला नेऊन थेट शेवटच्या गाठीला उभं केलं. मी भोकाड पसरलं. ती खाली बसली, माझं नाक आपल्या ओढणीने पुसलं आणि म्हणाली, “ऐक. भित्री पोरगी सारखी मागं बघती. मला मागं डोळं न्हाईत. तू माझं डोळं.” आजवर माझ्या भित्रेपणाला सगळे हसले आहेत, माझे यजमानसुद्धा. त्याला काम देणारी ती एकटी.

दुसरा नियम असा, की वाटेत गप्प राहायचं नाही. “वाजत चला गं! गप्प पोरगी कुणाला ऐकू येती?” म्हणून आम्ही पाढे म्हणत जायचो, घसा फाडून. तांबटाची हातोडी आमच्या बाराच्या पाढ्याला ठेका धरू लागली. कुणी आतून चूक सुधारायचं, कुणी मुद्दाम चुकीचं ओरडायचं. महिन्याभरात पेठेला आमची इतकी सवय झाली, की आम्ही कुठवर पोचलो हे बायका चुलीपाशी बसून सांगत.

आणि मग तो दिवस. तानीला अजून घरातच ठेवणाऱ्या दामूअण्णांच्या दुकानापाशी आम्ही एकोणिसाच्या पाढ्यात होतो. एकोणीस सक चौदोदरसे... आणि साताला गाडी अडकली. सगळ्यांचीच. एक क्षण, दोन क्षण. बारा पोरी एकदम गप्प.

पुढं जे झालं ते आठवलं की अजून हसू आवरत नाही. तांबट हातोडी घेऊन धावला. माझी आई हातात उलथनं, पिठाच्या हातांनी. कुणी मुसळ, कुणी चप्पल, एक म्हातारे तर नुसता तांब्या घेऊन. आणि दुकानाच्या फळीवरून उडी टाकून, हातात तराजूची दांडी परजत, सगळ्यांच्या पुढे दामूअण्णा! “कोण हाय? कुठं हाय त्यो? कुणीकडं पळाला?”

“आण्णा, कोण बी न्हाई,” हलीमाबी म्हणाली. “एकोणीस सातं अडकलंय.”

दामूअण्णा दांडी वर धरूनच उभे. छाती भात्यासारखी हलत होती. “एकशे तेहेतीस!” ते गरजले. “एवढं येत न्हाई? काय शिकवत्यात शाळंत!”

“मग तानीला पाठवा की शिकवायला,” हलीमाबी म्हणाली. “ती तुमच्या दुकानातली, तिला येत असंल.”

सारी गल्ली हसली. दामूअण्णा दांडीकडे बघून स्वतःच हसायला लागले. दुसऱ्या दिवशी तानी आली, तिला तेरावी गाठ दिली, माझ्या मागची, पण शेवटची जागा मी सोडली नाही. भांडून मागे गेले.

चौथी झाली आणि माझं लग्न ठरलं. चुडा भरायला हलीमाबीच आली. हिरव्या बांगड्या एकेक करून चढवताना तिने विचारलं, “पत्र लिव्हता येतंय नव्हं?” मी म्हटलं, येतं. “मग लांब गेलीस तरी हरवायची न्हाईस.” एकही बांगडी तडकली नाही. जैनब पुढे शिकत राहिली, आता त्याच शाळेत शिकवते. तिची पत्रं नसती तर या परमुलुखात मी खरंच हरवले असते.

कार्ड वाचून झाल्यावर मी मनूकडे पाहिलं. ती म्हणाली, “आई, वाजत्यात का म्हणजे काय?”

मी जुन्या लुगड्याचा काठ फाडला आणि त्याला गाठी मारल्या. दुसऱ्या सकाळी नळावर जाऊन मी बोलले. माझा आवाज कापत होता, पण “सोन्याला कोंडा की” हे वाक्य कापलं नाही. ते माझं नव्हतंच. पाच आयांनी आपल्या मुली दिल्या. त्यांतली कमळी रडून लाल झाली होती. मी तिला शेवटच्या गाठीला नेलं, खाली बसले, नाक पुसलं, आणि जे सांगायचं ते सांगितलं. दहा पावलांवर ती ओरडली, “काकू, मागे एक कुत्रं आहे!”

“शाबास,” मी म्हटलं, “बघत राहा.”

काल मुली साताच्या पाढ्यात अडखळून थांबल्या. समोरच्या माडीची खिडकी धाडकन उघडली आणि मी कधी न पाहिलेली एक बाई, हातात लाटणं, बाहेर वाकून ओरडली, “क्या हुआ? चुप क्यों हो गईं?”

दोरी आता दारामागच्या खुंटीवर असते. रात्री कडी मी अजून तीनदा तपासते, ते काही सुटायचं नाही. पण सकाळी आधी दोरी हातात घेते, आणि मग कडी काढते.